याकोबरावांचा पहारा

आमचे शेजारी याकोबराव भर बाजारात, जिलबीच्या दुकानासमोर, स्वतःच्याच छातीवर थाप मारून ओरडायचे, "ठैर! कोन हाय?"

नवखा माणूस घाबरून हात वर करायचा. आम्ही जुन्या जालन्यातले लोक मात्र तमाशा बघत उभे राहायचो. कारण उत्तरही तेच द्यायचे, बारीक आवाजात, "मी जिलबी." मग खर्जात, "मागं फिर!" कोटाची वरची गुंडी लावायची, डोळे मिटायचे, "प्रभू, सांभाळ" म्हणायचं आणि तसंच निघायचं. एकदा असे निघाले ते थेट टांग्याच्या घोड्याला भिडले. त्यालाही विचारलं, "कोन हाय?"

निजामाच्या फौजेत छावणीच्या फाटकावर उभं राहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पेन्शनीत आले आणि स्वतःच्या मनावर पहारा बसवला. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. घरात एक ताट, एक वाटी.

"मन म्हंजे फाटक हाय, शेठ," ते सांगत. "मोह सांगून येत न्हाई. जागं राहावं, अन् प्रार्थना करावी."

मी कापडवाला, मूळचाच खोडकर. गरम भजी त्यांच्या नाकाखाली धरायचो.

"सैतानाकडं मुनीम म्हणून लागलात का शेठ?"

"पण याकोबराव, डोळे मिटून कुणी पहारा देतं का?"

"आतले उघडे हायेत!" गुंडी आणखी घट्ट.

मिशनच्या दवाखान्यात मार्थाबाई नावाची एक विधवा नर्स होती. हसरी, ठसक्याची. रविवारी प्रार्थनेनंतर ती याकोबरावांशी दोन शब्द बोलायची आणि हे भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत कोट लावून घामाघूम व्हायचे.

नाताळच्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो. मार्थाबाई वाटीत मटण घेऊन आली.

"एकट्यासाठी कशाला चूल पेटवता? माझ्याकडंच जेवत जा की. मलाबी एकटीला घास जात न्हाई."

याकोबरावांचा हात गुंडीवर गेला. डोळे मिटले. "ठैर! कोन हाय?"

ती हसली. "मी मार्था. आत येऊ का?"

"मागं फिर!"

मी इतका हसलो की चहा धोतरावर सांडला. हसू आवरलं तेव्हा पायरीवर नुसती वाटी होती. याकोबरावांची प्रार्थना चालूच होती.

पुढं ती दूरच्या कुठल्या दवाखान्यात बदली मागून गेली. कुठं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर बाजारातलं "कोन हाय" बंद झालं. जिलबीवाल्यालाही चुकल्यासारखं झालं. एका संध्याकाळी मी भजी घेऊन गेलो. याकोबराव ओसरीवर बसले होते. ती वाटी घासूनपुसून कठड्यावर पालथी घातलेली. कोटाची वरची गुंडी उघडी.

"शेठ," ते म्हणाले, "तिनं नाव सांगितलं होतं. चोर कधी नाव सांगतो का हो?"

भज्यांचा पुडा मी त्यांच्या नाकाखाली न धरता गुपचूप वाटीशेजारी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"चला, प्रार्थनेची वेळ झाली," म्हणत त्यांनी हात जोडले. मी वाट पाहत राहिलो, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. अंगणाच्या फाटकाकडं टक लावून ते हळूहळू पुटपुटत राहिले.