टबात धुतलेलं नाव

रॉन्डेलने बाथटबात रेकॉर्डी भिजत घातल्या होत्या आणि त्याची आई ओडेसा धुण्याची टोपली घेऊन दारात उभी होती.

"अंघोळ घालतोयस त्यांना?"

"लेबलं काढतोय, ममा. वॉर्डेल म्हणतो, डीजे व्हायचं तर पहिलं काम हेच. नाहीतर समोरचा डीजे वाकून नाव वाचतो आणि पुढच्या शनिवारी आपलंच गाणं आपल्यापुढे वाजवतो."

"वॉर्डेलला म्हणावं, माझ्या चादरी ये धुवायला."

तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सभर डीजेंची हीच रीत होती. घरात खायला नसलं तरी चालेल, पण आपलं गाणं शेजाऱ्याला कळता कामा नये. रॉन्डेलच्या स्वतःच्या रेकॉर्डी होत्याच किती! म्हणून भर घालायला त्याने आईच्या कपाटातली नाताळगीतं उचलली. ऑगस्टात नाताळ कोण शोधतंय?

पण त्या वेष्टणात नाताळ नव्हताच. आत त्याच्या बापाची, इझिकिएलची, रेकॉर्ड होती; लेबल न वाचताच त्याने ती टबात बुडवली होती. इझिकिएल चर्चच्या चौघा गायकांच्या चौकडीत खर्जात गायचा. चौकडी डेट्रॉइटला गायला गेली आणि तिघे परत आले. रॉन्डेल तेव्हा पाळण्यात होता. रेकॉर्ड फोडून टाकली, असं ओडेसाने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे दर नाताळच्या सकाळी, पोरगा उठायच्या आत, ती आवाज बारीक करून ती ऐकायची. नवरा म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. हे कुणाला सांगेल ती? जीभ झडली असती तिची.

आळीत आधीपासून डीजेगिरी करणाऱ्या वॉर्डेलने तळघरात शिकवणी सुरू केली. रेकॉर्ड सहज सरकावी म्हणून तिच्याखाली फेल्टची, मऊ लोकरी कापडाची, चकती घालून म्हणाला, "ढकल. आता मागे ओढ. ओढताना दुसऱ्या हाताने आवाज बंद कर रे, गाढवा. जाताना ऐकू येऊ दे, परत येताना नको."

"सुई उडतेय."

"सुईच्या दांडीवर नाणं ठेव. बसेल गुमान."

नाण्याच्या वजनाने सुई बसली आणि रेकॉर्ड खरवडू लागली. नाताळच्या वेष्टणातल्या रेकॉर्डवर एका ठिकाणी जाड आवाजाचा कुणी बुवा म्हणायचा, "येतो, येतो घरी." त्यातला पहिला 'येतो' रॉन्डेलला फार आवडला. रोज संध्याकाळी तो त्याच शब्दाला पुढे-मागे रगडायचा.

"कोण रे हा?" वॉर्डेलने विचारलं.

"असेल कुणी चर्चवाला. गळा आहे पण."

शनिवारी पार्कात दिव्याच्या खांबातून वीज ओढली, टेबलं लागली, सगळी आळी लोटली. ओडेसा बटाट्याच्या सॅलडचं पातेलं घेऊन आली. पोराचं कौतुक बघायला म्हणून नवा झगा घातला होता बिचारीने. रॉन्डेलने रेकॉर्डवर हात टाकला. "ये-ये-येतो, ये-येतो." लोक पिसाळल्यासारखे नाचायला लागले. ओडेसाने पातेलं बाकावर ठेवलं आणि सरळ टेबलापाशी आली.

"ही कुठून घेतलीस?"

"तुझ्या नाताळगीतांतली, ममा. आवडली?"

"लेबल?"

"तेव्हाच काढलं ना, टबात."

"मी त्याचं नाव घ्यायचं सोडलं होतं," ओडेसा म्हणाली, "तू तर ते धुऊनच काढलंस."

"कुणाचं नाव?"

"तुझ्या बापाचं."

रॉन्डेलचा हात रेकॉर्डवर तसाच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा, पुन्हा!" जन्मात पहिल्यांदा त्याचं कौतुक होत होतं आणि तेही बापाच्या जिवावर. मेल्याने पोरासाठी केलेलं हे एवढंच.

घरी येऊन ओडेसाने रेकॉर्ड लावली. या वेळी पोरगा जागा होता, आवाजही मोठा होता. खरखर झाली, चौघांचे सूर आले, मग तो जाड आवाज आला. "येतो." आणि तिथेच, रगडून झिजलेल्या खाचेत, सुई अडकली. "येतो. येतो. येतो."

रॉन्डेल कळवळून उठला. "ममा, मी दुसरी शोधतो. कुठेतरी मिळेल."

"बस खाली."

"पुढे जातच नाहीये गं. 'घरी' येतच नाही."

"कधी आला होता?" ओडेसाने त्याच्यापुढे सॅलडची बशी सरकवली. "इतकी वर्षं दर नाताळला माझ्याशी खोटं बोलत होता. तू सुधारलंस त्याला. खा."