दोनशे अकरा जणांचं एकच तोंड

मौनीबाबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण नऊ वर्षांत ऑफिसात कुणाला खऱ्या नावाची गरजच पडली नव्हती. दरवर्षी करार संपायचा, दरवर्षी वाढायचा. कायम नोकरीचं पत्र मात्र येत नव्हतं. बायकोने त्याबद्दल विचारणं सोडून दिलं होतं, आणि त्याला तेच जास्त लागायचं.

यंदा साहेबांनी बोलावलं.

"कर्मचाऱ्यांच्या यादीतले फोटो बघितलेत? एकाने कुत्रा लावलाय, एकीची नुसती हनुवटी दिसतेय. वेबसाइटवर साधं काहीतरी बनवा. फोटो टाकायचा, गोल कापायचा, जरा उजळ करायचा, झालं! आणि एकही गोल रिकामा दिसता कामा नये. रिकामा गोल बघितला की माणूस वारल्यासारखा वाटतो." मग थांबून म्हणाले, "हे नीट जमलं, तर पत्राचं बघू."

मौनीबाबा कामाला लागला. चेहरा सरकवायला एक पट्टी, उजेड वाढवायला दुसरी, सगळं झालं. घोडं अडलं ते रिकाम्या गोलापाशी. तिथे नमुन्यादाखल कुणाचा तरी फोटो हवा होता, आणि फोटो मागावा इतकं जवळचं ऑफिसात त्याला कुणीच नव्हतं. शेवटी त्याने स्वतःचाच घातला. तो लेकीने काढला होता, आणि काढताना तिने इतकी वेडीवाकडी तोंडं केली होती की त्यात तो बत्तीशी दाखवून हसत होता. ऑफिसात त्याचे दात कुणी पाहिले नव्हते.

सोमवारी सगळ्यांनी हौसेने फोटो कापले, उजळले, बटण दाबलं. समोर आपापलं गोजिरं रूप बघून जो तो खूश झाला. पण मोबाइलवरचे फोटो होते जड. साठवताना ते यंत्राला पेलवेनात. यंत्र मुकाट्याने फोटो फेकून देई, आणि हुकमाप्रमाणे गोल रिकामा न ठेवता नमुना चिकटवी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अगं, माझ्या नावावर हा कोण बाप्या?"

"तुझ्याच का? माझ्याही!"

दोनशे अकरा जणांच्या नावापुढे एकच हसू होतं. त्यात दुष्काळात तेरावा महिना आला. एका निवृत्त सहकाऱ्याच्या निधनाची दुःखद ईमेल साहेबांनी त्याच दुपारी त्याच्या घरच्यांसकट सगळ्यांना पाठवली, आणि यादीतलाच फोटो ईमेललाही लागत असल्याने साहेबांच्या सहीशेजारी गोलात बत्तीशी झळकली. त्या बिचाऱ्याच्या मुलानेही ती पाहिली.

"कोण आहे हा निर्लज्ज?" साहेब कडाडले.

मौनीबाबा पुढे झाला. "सर... तो मीच आहे."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही? काहीतरीच काय! कुणाला पाठीशी घालू नका. बाहेरचा कुणीतरी आत शिरलाय. तुम्ही फोटो दुरुस्त करा, बाकी आम्ही बघतो."

पुन्हा सांगायला हवं होतं. पण पत्राच्या आशेने तो फोटो दुरुस्त करायला जाऊन बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. समोर उभं राहून कबूल केलं, तरी माणूस ओळखू येऊ नये?

फाटकाच्या केबिनच्या काचेवर तो फोटो लागला, खाली 'दिसल्यास पकडावे'. मौनीबाबा रोज त्याच्यासमोरून पडल्या चेहऱ्याने आत जाई, पडल्या चेहऱ्याने बाहेर येई. वॉचमन सलाम ठोकी.

जड फोटो हलके करून घेण्याची सोय झाली, ज्याचा त्याला चेहरा मिळाला, आणि शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी त्याच्या हातात लिफाफा ठेवला. जिना उतरता उतरताच त्याने घरी फोन लावला.

"अगं, पत्र मिळालं. कायम केलं मला."

बायको नाक ओढत म्हणाली, "अहो, आता तरी हसा की जरा!"

आणि फाटकात पोहोचता पोहोचता तो हसला, अगदी मनापासून.

"थांबा!" वॉचमनने काचेवरच्या फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि दंड धरला. "रोज सलाम करतो तुम्हाला, आणि तुम्हीच निघालात होय! चला वर साहेबांकडे. आणि आधी ते तोंड मिटा."

मौनीबाबाने मिटायचा प्रयत्न केला. जमेना. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू जाईना. बायको अजून फोनवरच होती.

"कोण आहे हो तिथे?"

"ओळखीचे आहेत," तो म्हणाला.