नोंद घेतली

नर्स प्रॅक्टिशनर या वरच्या अभ्यासक्रमाच्या वर्गात शिरण्यापूर्वी परिचारिकेला रुग्णाच्या खाटेशेजारचा अनुभव असावा की नसावा, यावर धाराशिवच्या एका महाविद्यालयात समितीने सात बैठका घेतल्या. अनुभवाने हात तयार होतो, असे निम्म्या सदस्यांचे मत. अनुभवाने माणूस स्वतःच्या डोक्याने चालू लागतो, अशी उरलेल्यांची धास्ती. अखेर मध्यममार्ग निघाला. अनुभव अनिवार्य, मात्र तो नोंदवहीत असावा. उमेदवारात असलाच पाहिजे असे नाही.

वाशीच्या संघप्रिया सिस्टरला हे वाचून हसूच फुटले. तिची अकरा वर्षे अतिदक्षता कक्षात गेली होती. श्वासाची लय चुकली की यंत्राआधी तिच्या कानाला कळे. वयाच्या अटीप्रमाणे अर्जाची ही शेवटचीच संधी होती, पण अनुभवाची तिला कसली चिंता?

महाविद्यालयात अर्जाच्या खिडकीपलीकडच्या शंभुलिंगबाबूंनी तिच्या नोंदींच्या प्रती उलटल्या. तिच्या रुग्णालयाचा दंडक असा : दर तासाची नोंद परिचारिकेने स्वहस्ते करावी, आणि वही व्हरांड्याच्या टोकाशी टेबलाला साखळीने बांधलेली असावी.

"सिस्टर, समदी पानं कोरी. अकरा वर्षं होता कुठं?"

"पेशंटपाशी."

"पुरावा?"

"पेशंट जिवंत हायत की!"

"त्याचा रकाना न्हाय आमच्याकडं. तुमच्याच दवाखान्यातल्या भुवनेश्वरी मॅडमचं बघा. एक तास सुटला न्हाय!"

भुवनेश्वरी मॅडम अकरा वर्षांत त्या टेबलावरून उठल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी संघप्रिया येडशीहून कोंडिबांना घेऊन आली. नऊ दिवस तिने त्यांचा जीव मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

"ह्या लेकीनं जगवलं मला," कोंडिबा म्हणाले.

"आजोबा, कार्डावर तुमी बेशुद्ध हाय. मंग बघितलं कसं?"

"आरं, शुद्धीवर आलो तवा हीच व्हती समोर!"

"शुद्धीवर आला म्हंजी गंभीर न्हवता. तसला अनुभव धरत न्हाईत."

"मंग म्या आता पुन्हा बेशुद्ध पडू व्हय?"

"पडा, पण आधी अर्ज द्या."

समितीला दया आली. अनुभवहीनांसाठी सात दिवसांचे अनुभवपूर्ती शिबिर भरले. सहा उमेदवार, सहा खाटा, सहा कोऱ्या वह्या. मार्गदर्शक अर्थातच भुवनेश्वरी मॅडम. रुग्णामुळे नोंदीत व्यत्यय येतो, हे ध्यानी घेऊन खाटा रिकाम्या ठेवल्या होत्या. पांढऱ्या चादरींवरून ऊन नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसासारखे जपून चाले, आणि त्याचीही नोंद होई.

सातव्या दिवशी पर्यवेक्षक उमाशंकर सर छातीला हात लावून कोसळले. पाच वह्यांत सुवाच्य अक्षर उमटले : "११.०५. पर्यवेक्षक कोसळले. नोंद घेतली."

संघप्रिया वही टाकून धावली. सरांच्या छातीवर दाब देत ओरडली, "कुणीतरी गाडी बोलवा!"

"११.०६. गाडीची मागणी ऐकू आली," भुवनेश्वरी मॅडमनी मोठ्याने सांगितले. पाचही जणींनी लिहून घेतले.

सर वाचले. त्यानंतर चौथ्या दिवशी शिबिराचा निकाल सहीसाठी रुग्णालयात त्यांच्या खाटेवर आला. पाच जणी पात्र. संघप्रियाच्या वहीत ११.०५ पासून पाऊण तास कोरा, सबब अपात्र. सरांचा हात थरथरू लागला.

"सिस्टर, जरा मनगट धरता का?"

त्यांच्या शुश्रूषेला उशाशी उभ्या असलेल्या संघप्रियाने मनगट धरले, सवयीने नाडीही पाहिली. सही झकास आली.

वाचकहो, संघप्रियाची कीव नको. अकरा वाजून पाच मिनिटांनी सर कोसळले, तेव्हा आपणही उठला नाहीत. शांतपणे पुढची ओळ वाचलीत. आपला अनुभव ग्राह्य धरण्यात आला आहे. अर्ज करावा.