बदामाखालचा कॅमेरा

"सार, कॅमेऱ्याचं तोंड गेटकडं पाहिजे," शिडीवर चढलेला खुशाल तिसऱ्यांदा म्हणाला. "चोर गेटातून येते."

"चोर कुठून येते ते मले नको सांगू. तू झाडाकडं कर."

"झाडाकडं काऊन सार? बदाम कोन चोरते?"

सुधाकररावांनी खालूनच बोट दाखवलं, अजून थोडं खाली, अजून थोडं डावीकडे, आणि बदामाच्या झाडाखालचा सिमेंटचा कट्टा नि त्यापुढची मोकळी जागा मोबाईलवर नीट दिसायला लागल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता खुशालला नवल वाटणं साहजिक होतं. मावला गावातल्या त्या कॉलनीत कॅमेरा या विषयावर सुधाकररावांचा शब्द अखेरचा मानला जाई. सरकारी मंडल कचेरीतून निवृत्त झाले, पाठोपाठ कॉलनीतली एक स्कूटर चोरीला गेली, आणि त्यांना काम मिळालं. तीन महिने मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी या विद्येचा अभ्यास केला आणि मग रस्त्यात भेटेल त्याला ती वाटायला सुरुवात केली. नळीसारखा बुलेट कॅमेरा घ्या, घुमटासारख्या डोमवर कोळी जाळं धरतो. पूर्वेला तोंड नको, सकाळचं ऊन शिरलं की चोराच्या जागी नुसता उजेड दिसतो. फार उंच लावाल तर टोपी दिसेल, थोबाड दिसणार नाही. झाडासमोर तर चुकूनही नको, पान हललं की मोबाईल ओरडतो. आणि पासवर्ड एक-दोन-तीन-चार ठेवू नका, त्यापेक्षा चोराला किल्लीच द्या. कॉलनीतल्या चार घरांनी त्यांचं ऐकून कॅमेरे लावले होते, आणि चारही खुशालनंच लावले होते.

आणि स्वतःच्या घरी या गृहस्थांनी तोंड पूर्वेला केलं, समोर झाड धरलं, आणि खुशालच्या दुकानात एकच प्रश्न विचारला होता, "आवाज साफ येते न?"

"येते सार. दोन्हीकडून येते," खुशाल म्हणाला होता. "तुमी घरात मोबाईलवर हे माईकचं चित्र दाबलं का तुमचं बोलणं बी बाहेर कॅमेऱ्यातून मोठ्यानं आइकू येते."

"ते जाऊ दे. बाहेरचं आत आलं म्हंजे झालं."

खरं कारण बायकोजवळ, भाग्यलक्ष्मीबाईंजवळ, बोलायलाही त्यांची जीभ रेटत नव्हती. गोष्ट अशी की त्यांची मयूरी अठ्ठावीस वर्षांची, सरकारी शाळेत शिक्षिका, आणि तिला बघायला दोन वर्षांत दोन स्थळं येऊन गेली होती. त्या भागात एक रीत आहे. पोहे खाऊन झाले, पोरगा-पोरगी बोलायला गच्चीवर गेले, की पोराकडची मोठी माणसं म्हणतात, "आमी जरा बाहेर बसतो." मग ती अंगणात जाऊन आपसात ठरवतात, आणि मुलीकडच्यांनी आत पंख्याखाली घाम पुसत बसायचं. दोन्ही वेळा पाहुणे बदामाखाली बसले, कुजबुजले, आत येऊन "कळवतो" म्हणाले आणि पुढं नकार कळवला. का, ते कोणी सांगितलं नाही. सुधाकररावांना ते लागलं होतं. कचेरीत कोणाचा अर्ज फेटाळला तरी खाली कारण लिहावं लागतं, आणि इथं आपल्या पोरीला कोणी कारणाशिवाय फेटाळतो! तिच्यात काय खोट काढली एवढं कळलं असतं तर एखादं उत्तर तरी देता आलं असतं. रात्र रात्र त्यांना तेच खाई.

आणि रविवारी तिसरं स्थळ येणार होतं.

शनिवारी दिवसभर बदामाची पानं हलत राहिली आणि दर दोन मिनिटांनी मोबाईल ओरडत राहिला.

"बाबा, याचं तोंड झाडाकडं काऊन केलं?" मयूरीनं विचारलं.

"कट्ट्यावर कुत्रे बसतात," सुधाकरराव म्हणाले आणि नजर चुकवून आत गेले. पोरीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे कारण अगदीच पडेल निघालं.

रविवारी अकरा वाजता भैंसा गावाहून पाहुणे आले. लक्ष्मणराव तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर, अंगानं भारदस्त. रेणुकाबाई त्यांच्या पत्नी. मुलगा भार्गव वीज खात्यात. पोहे झाले, चहा झाला, कापसाच्या भावावर बोलून झालं. मयूरी आणि भार्गव गच्चीवर गेले. मग लक्ष्मणरावांनी खाकरून घसा साफ केला.

"आमी जरा बाहेर बसतो."

"बसा, बसा! बदामाखाली बसा, गार हाये!" सुधाकरराव इतक्या उत्साहानं उठले की लक्ष्मणरावच दचकले. दोन खुर्च्या त्यांनी स्वतः उचलून नेल्या. जमिनीवर आदल्या दिवशी खडूनं चार खुणा करून ठेवल्या होत्या, त्यावर खुर्च्यांचे पुढचे पाय नेमके बसवले. रेणुकाबाईंना तिथं ऊन लागलं म्हणून त्यांनी खुर्ची हातभर मागं ओढली. सुधाकररावांनी ती परत पुढं ओढली.

"मागं मुंग्या हाये ताई," ते म्हणाले.

मुंगी एक नव्हती. पण बाई बिचाऱ्या उन्हात बसल्या.

आत येऊन सुधाकररावांनी दार लोटलं आणि मोबाईलमधलं चित्र टीव्हीवर घेतलं. भाग्यलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या, तर समोर टीव्हीवर पाहुणे!

"आवो, हे काय करून राह्यले तुमी?"

"चूप. आइकू दे."

"पाहुण्यायचं बोलणं? लाज नाही वाटत?"

"वाटते न. पन तू दार लाव पहिले."

भाग्यलक्ष्मीबाईंनी कपाळावर हात मारला, दाराला कडी घातली, आणि "आवाज थोडा वाढवा" म्हणून नवऱ्याशेजारी बसल्या. पोरीची आई होती ती, किती वेळ रागावणार?

टीव्हीवर रेणुकाबाई पदरानं वारा घेत होत्या. "पोरगी मले आवडली," त्या म्हणाल्या. "नजर वर करून बोलते. ती शाळेचं सांगत व्हती त आपला भार्गव कसा आइकत व्हता, पाह्यलं न?"

भाग्यलक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. सुधाकररावांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. खोट नव्हती! पोरीत काही खोट नव्हती!

"पोरगी त चांगलीच हाये," लक्ष्मणराव म्हणाले. "पन मले खरं सांगू काय? मले तिचा बाप पटला. माणूस सरळ हाये. पोटात एक अन् ओठात एक, असं नाही त्याचं. एवढी वर्षं कचेरीत काढली, पन छक्केपंजे माहीत नाही बापा त्याले. असा व्याही भेटाले नशीब लागते."

सुधाकररावांचे कान तापले. मग मान तापली. जमिनीवरच्या चार खडूच्या खुणा त्यांना आठवल्या, नसलेल्या मुंग्या आठवल्या, आणि तो भला माणूस आपल्या चांगुलपणाचं वर्णन आपल्याच भिंगासमोर बसून करतोय हे त्यांना पाहवेना. आयुष्यात कोणी चार शब्द बरे बोललं तर ते असे चोरून ऐकायची वेळ यावी! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"बंद करतो," ते पुटपुटले. रिमोट दाबला तर चित्र मोठं झालं. त्यांनी मोबाईल उचलला. चष्मा कपाळावर, डोळ्यांपुढं सगळं पुसट. आवाज बंद करायचं म्हणून त्यांनी पहिलं दिसलं ते चित्र दाबलं. ते माईकचं होतं.

"बंद करा म्हणलं न मी!" भाग्यलक्ष्मीबाईंना आता खरंच भरून आलं होतं. "लोकायचं बोलणं तुमी चोरून आइकता, अन् ते तुमाले सरळ म्हणून राह्यले!"

टीव्हीवर लक्ष्मणराव खुर्चीतून हातभर उडाले. आणि सेकंदाभरानं टीव्हीतूनच भाग्यलक्ष्मीबाईंचा आवाज आला, "...चोरून आइकता, अन् ते तुमाले सरळ म्हणून राह्यले!"

दोघांनी आधी टीव्हीकडे, मग दाराकडे पाहिलं.

"हळू बोल!" सुधाकरराव ओरडले. "त्यायले आइकू जाईन!"

"...त्यायले आइकू जाईन!" अंगणातून परत आलं, आणि ते इतक्या मोठ्यानं की शेजारच्या घरातून कोणीतरी "काय झालं वो?" म्हणून विचारलं.

टीव्हीवर लक्ष्मणराव उठले. चालत चालत कॅमेऱ्याच्या अगदी खाली आले आणि टाचा उंचावून त्यांनी तोंड वर केलं. त्यांचं नाक मोठं होत होत पडदाभर झालं.

"सुधाकरराव," नाक शांतपणे म्हणालं, "आमाले आइकू येऊन राह्यलं."

कचेरीत असताना सुधाकररावांनी एक नियम पाळला होता, सापडलेल्यानं आधी पाणी मागावं. ते पाणी प्यायले, त्यांनी कडी काढली आणि ते अंगणात गेले. मागून भाग्यलक्ष्मीबाई, पदर तोंडाला लावून. बाहेर पडेपर्यंत मनात एक थाप तयार केली होती, कॅमेरा नवा आहे, तपासून बघत होतो.

"ते कॅमेरा नवीन हाये न," त्यांनी सुरुवात केली, "त टेस्टिंग..."

लक्ष्मणराव परत खुर्चीजवळ येऊन उभे होते. त्यांनी फक्त खाली पाहिलं. त्यांच्या बुटांजवळ खडूची खूण होती, आणि दुसरी रिकाम्या खुर्चीच्या पायाखालून अर्धी बाहेर आली होती. रेणुकाबाई वाकून मुंग्या शोधत होत्या.

थाप तिथंच मेली.

"नाही जी," सुधाकरराव म्हणाले. त्यांनी हात जोडले. "खोटं बोललो. तुमी काय बोलता ते आइकाले लावला. दोनदा लोक इथं बसले अन् नाही म्हणून गेले. माह्या पोरीत काय खोट काढली, तेवढंच मले पाहिजे व्हतं. तुमी मले सरळ म्हणले, अन् मी आत बसून... मले माफ करा. माह्या चुकीचा राग पोरीवर नका काढू."

वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून ते लक्ष्मणरावांच्या बुटांकडे बघत राहिले.

"बाबा."

कॅमेऱ्यातला तो आवाज गच्चीवरही पोचला होता. मयूरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, मागं भार्गव. तिचा चेहरा लाल झाला होता, पण रागानं नव्हे.

"बाबा, त्या दोघायनं खोट नव्हती काढली. मीच त्यायले नाही म्हणलं व्हतं."

"तू?"

"गच्चीवर. पहिला म्हणला का नोकरी सोडा लागन. दुसरा पंधरा मिनिटं मोबाईलमधीच व्हता. मी म्हणलं, मले जमत नाही, तुमीच घरी जाऊन नकार कळवा."

"अन् मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं त तुमी त्यायले समजवाले गेले असते," मयूरीनं मान खाली घातली. "तुमी इतकं मनाले लावून घेतलं हे मले नव्हतं माहीत. माहं चुकलं."

म्हणजे बघा! दोन वर्षं ज्या बदामाखाली त्यांनी आपलं दुर्दैव ठरताना पाहिलं, तिथं काहीच ठरत नव्हतं. ठरत होतं ते गच्चीवर, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर, त्यांच्याच पोरीच्या तोंडून. गावभर जागा निवडायचे सल्ले देणाऱ्या माणसानं कॅमेरा लावला होता तो नेमका चुकीच्या जागी. आता शरम कोणत्या गोष्टीची आधी वाटून घ्यावी हेच त्यांना समजेना.

"अन् आज?" रेणुकाबाईंनी हळूच विचारलं. "आज काय म्हणली पोरी तू आमच्या भार्गवले?"

मयूरीनं भार्गवकडे पाहिलं. भार्गवच हसला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "हे बंद हाये न आता?"

लक्ष्मणरावांचं ते भारदस्त पोट आधी हललं, मग खांदे हलले, आणि मग ते असे काही हसले की बदामावरचे पक्षी उडाले. घरात सुधाकररावांचा मोबाईल त्याबरोबर ओरडायला लागला, पण त्याच्याकडे जायची कोणाला शुद्ध नव्हती. भाग्यलक्ष्मीबाई डोळे पुसत साखर आणायला धावल्या.

"सुधाकरराव," लक्ष्मणराव हसू आवरून म्हणाले, "आमचं मत त तुमी आमच्या तोंडूनच आइकलं. त्यातलं तुमच्याबद्दलचं तेवढं मी वापस घेतो. बाकी सगळं कायम. आता तुमचं सांगा. आमचा पोरगा कसा वाटला तुमाले?"

भार्गव तास-दीड तास त्यांच्या घरात होता. त्यानं पोहे खाल्ले होते, काहीतरी विचारलं होतं, कशाला तरी हो म्हणाला होता. आणि त्या सगळ्या वेळात सुधाकररावांचं लक्ष मोबाईलच्या चार्जिंगवर होतं, घड्याळावर होतं, कोण कधी बाहेर बसायला उठतो यावर होतं. पोरीचा जन्म ज्याच्याबरोबर जायचा, त्याच्या चेहऱ्याकडे ते या क्षणी पहिल्यांदा बघत होते. सावळा, जरा बुजरा, भुवईवर जुन्या जखमेची खूण असलेला मुलगा त्यांच्याकडे बघून अवघडून उभा होता.

"खरं सांगू?" सुधाकरराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी... मी त्याच्याकडं पाह्यलंच नाही."

"मी पाह्यलं बाबा," मयूरी म्हणाली, आणि तिनं उन्हातली खुर्ची सावलीत ओढून त्यांना बसायला दिली.