रेंजच्या आड येणारी माणसे

देवपुरातील विज्ञान शिक्षक हितेंद्र यांचा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास नसे. त्यामुळे मुलगी कामिनी हिच्या ऑनलाइन मुलाखतीच्या सकाळी वाय-फाय लपंडाव खेळू लागले, तेव्हा त्यांनी चिडण्याआधी निरीक्षण केले. राउटर खालच्या खोलीत कपाटावर होता, कामिनी माडीवर. हितेंद्र यांच्या आई भिकुबाई परात घेऊन अंगणात बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, वाळत घालायला गेल्या की रेंज येई. त्या घरात आल्या की जाई. असे वारंवार घडले. निष्कर्ष टाळणे अशक्य होते.

"आई, मुलाखत संपेपर्यंत तू अंगणातच बस."

"काबर? मी काय करं?"

"माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाणी या लहरी शोषून घेतं."

"मना आंगमा इतलं पानी शे? मग गुडघा काबर कुरकुर करस?"

याचे उत्तर भौतिकशास्त्रात नव्हते. भिकुबाईंनी आभाळाकडे पाहिले. ढग आले होते. बिबड्यांची परात घरात ठेवून त्या बाहेर येऊन बसल्या.

मुलाखत सुरू झाली आणि माडीवरून आवाज आला, "पप्पा, परत गेली रेंज!"

हितेंद्र गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आले की घरात अजून एक पाण्याचा साठा शिल्लक आहे. तो साठा स्वतः चपला घालून अंगणात गेला.

इकडे माडीवर, "नेटवर्क बंद पडलं, तर तुम्ही सर्वांत आधी काय..." एवढे विचारून मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा चेहरा पडद्यावर गोठला होता. कामिनी धावत खाली आली. कपाटावर, राउटरच्या अगदी डोक्यावर, ॲल्युमिनियमची भली मोठी परात ओल्या बिबड्यांसह विसावली होती. ऊन नसताना बिबडे वाळवायला घरात राउटर तेवढा गरम असे. कामिनीने परात उतरवली आणि वर पळाली.

"हं, आधी काय तपासाल?"

"राउटरवर कोणी बिबडे वाळत घातलेत का, ते."

"जोवारीना का?" साहेबांनी विचारले. ते मूळचे खानदेशातल्याच शिरपूरचे निघाले. पुढचे प्रश्न सोपे गेले.

परात घेऊन कामिनी अंगणात आली, तेव्हा हितेंद्र आईला समजावत होते, "पाहिलंस? मी बाहेर आलो आणि रेंज आली. याला पुरावा म्हणतात."

"निवड झाली, पप्पा," कामिनी म्हणाली आणि परात आजीच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही थोडा वेळ बाहेरच थांबा. अजून कागदपत्रं पाठवायची आहेत."

हितेंद्र समाधानाने थांबले.