वालाच्या बांधावरची शांतिसेना

"बांध वलांडलास तर तंगडी तोडीन!" गजा ओरडला.

"तोड की! पन आदी माज्या वालाच्या शेंगा कुटं जातात ते सांग!" पलीकडून सखा.

दोघं सख्खे भाऊ. वाटणीला चार वर्षं झालेली, मध्ये हातभर बांध. दोन्हीकडच्या वालातून रोज पाच-पंचवीस शेंगा गायब व्हायच्या आणि चोर नेहमी बांधापलीकडचाच असायचा. आज मात्र दोघांच्या हातात कोयते होते. ते पाहून त्यांची आई मोतीबाई धावत सुटली ती थेट आपल्या थोरल्या भावाच्या, येसाजीच्या दारात.

"दादा, पोरं एकमेकांचा जीव घेतील रं! कायतरी कर!"

येसाजी हवालदार युनोच्या शांतिसेनेत वर्षभर गाझाला राहून नुकताच पेन्शनीवर आलेला. तिथं त्याचा वेळ कोठारात घोंगड्या मोजण्यात गेला होता. पण दोन वैऱ्यांच्या मधोमध कसं बसायचं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं ट्रंकेतली निळी टोपी डोक्यावर चढवली, खाट उचलली आणि बांधावर नेऊन टाकली. दोन पाय गजाच्या शेतात, दोन सख्याच्या.

"मामा, ह्ये काय?"

"शांतिसेना. आता मधी मी हाय. कोयते घरी ठिवा."

"आन तुमच्या जेवनाचं?"

"दोनी पार्ट्यांनी निम्मं निम्मं द्यायचं. युनोत तसंच असतंय."

मोहीम-वही, दिवस पहिला: शांतता. गजाकडून दोन भाकऱ्या, सख्याकडून दोन.

दिवस तिसरा: गजाच्या भाकरीवर सुकट आढळली.

"ही लाच हाय!" सख्यानं आकांत मांडला आणि दुसऱ्या दिवशी दोन उकडलेली अंडी पाठवली. मग गजानं चार. येसाजीला मनातून हा पेच आवडला होता. पण निःपक्षपातीपणाला बट्टा लागत होता. तेव्हा त्यानं गावातल्या चौथी शिकलेल्या शुक्राला तपासनीस नेमलं. कोणाकडून काय आलं, हे शुक्रानं वेगळ्या वहीत लिहायचं.

"हवालदार, नुसतं बघून कसं लिवायचं?" शुक्रा म्हणाला. "कमी-जास्त ठरवायचं तं चाकाया नगं?"

मुद्दा बिनतोड होता. तपासनिसाचं जेवणही निम्मं-निम्मं सुरू झालं.

दिवस सहावा: शांतता. तपासनिसाच्या मते पिकाचा नमुना तपासणे जरूर.

नमुना तपासायची खालापूरकडची रीत एकच, पोपटी! दोन्ही शेतांतल्या सारख्याच शेंगा मोजून घेतल्या, मडक्यात भांबुर्डीचा पाला घातला, मीठ-ओवा टाकला, मडकं उपडं करून भोवती जाळ केला. नमुना उत्तम निघाला. पण एका नमुन्यावर निकाल देणं शुक्राला पटेना. रोज एक मडकं लागू लागलं. वास गेला तिथवरची माणसं निरीक्षक म्हणून येऊन बसू लागली.

दिवस चौदावा. या दिवशी वहीत नोंद नाही, कारण येसाजी भरदुपारी खाटेवर घोरत होता. गजा आपलं पीक पाहत एका टोकाकडून आला, सखा दुसऱ्या टोकाकडून. खाटेपाशी दोघं थबकले. भोवती टरफलांचे ढीग.

"सख्या," गजा हळूच म्हणाला, "चोर रोजच्या किती शेंगा न्यायचा रं?"

"पाच-पंचवीस."

"आन ही शांतता?"

"मडकंभर. रोजचं."

"म्हंजे चोर परवडला."

दोघांनी खाटेची दोन टोकं धरली आणि येसाजीसकट उचलली. रस्त्याजवळ त्याला जाग आली.

"खबरदार! युनोच्या मानसाला हात लावायचा नाय!"

"हात नाय लावला मामा, खाटेला धरलंय," दोघं एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी येसाजीच्या हातात कागद पडला. तपासनिसाच्या वहीवरून: चौदा दिवसांच्या भाकऱ्या, सुकट, अंडी, मडकी, एकूण एकवीस रुपये येणे. तपासनिसाच्या जेवणाचा त्यात उल्लेख नव्हता. तपासनिसाला कोण तपासणार?

येसाजी तणतणत बहिणीकडे गेला. "बघ तुज्या पोरांचे पराक्रम! सख्ख्या मामाला बिल!"

मोतीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "ह्ये काय हाय?"

"दोगांच्या सया. आनखी काय!"

"एकापाशी एक?"

"व्हय."

तिनं त्या दोन सह्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग कागदाला हळदकुंकू लावून तो देवांपुढं ठेवला.

"अगं मोती, बिल हाय त्ये!"

तेवढ्यात अंगणातून दोन आवाज एका सुरात आले. "मामा हायेत का? पैशांचं काय झालं इचारा!"

येसाजीनं सुस्कारा टाकून कनवटीला हात घातला. मोतीबाईनं तो झटकन धरला.

"येडा का काय दादा? आज पैसे दिलेस तर उंद्या पोरं कुनाच्या नावानं एक व्हतील?" आणि तिनं भावाला मागल्या दाराकडं ढकललं. "जा, पळ. होळीपातुर तोंड दाकवू नगं!"