क्षेत्र ४७ मधला न दिसलेला कळप

जी वस्तू मुबलक आहे तिला नियम लागत नाहीत, आणि जी संपत आली आहे तिच्यासाठी रांग लावावी लागते. एकदा रांग लागली की वस्तूपेक्षा रांग जपणे महत्त्वाचे ठरते. हे तत्त्व टॅलो जिल्ह्याच्या वन्यजीव खात्याने जितक्या निष्ठेने पाळले, तितके आणखी कोणी पाळले असेल असे वाटत नाही.

आमच्याकडची वस्तू म्हणजे प्रॉन्गहॉर्न, माळावर कळपाने चरणारे शिंगांचे रानटी जनावर. सरकारी कागदावर त्याला हरणांत धरतात, प्राणिशास्त्राच्या मते तो हरीण नाही, आणि आमच्या ड्राय फोर्क गावात सगळे त्याला शेळी म्हणतात, जी तर तो मुळीच नाही. तो ताशी पंचावन्न मैल धावतो. या खंडात त्याला पळून गाठेल असे जनावर उरलेले नाही. मात्र त्याला दोन खोडी आहेत. एक, उडी मारता येत असूनही तो कुंपणावरून उडी मारत नाही. गुडघे टेकून सर्वांत खालच्या तारेखालून सरपटत जातो. दुसरी, दूरवर काही पांढरे हलताना दिसले की ते काय आहे हे बघायला तो जवळ येतो. म्हणून आमचे वाडवडील शिकारीला निघताना बंदुकीबरोबर एक धुतलेला रुमाल घेत. (या भागातल्या पुरुषांनी रुमाल धुण्याचे दुसरे कोणतेही कारण नोंदलेले नाही.)

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फ पडला, थोडा वितळला, पुन्हा गोठला, आणि रानावर काचेसारखे झाकण बसले. खालचे झुडूप दिसत होते, तोंडाला येत नव्हते. जे उपासातून वाचले त्यांना वसंतात फुफ्फुसाचा रोग झाला. मे महिन्यात खात्याच्या जीवशास्त्रज्ञ जनेल वाइकम यांनी विमानातून गणती केली. आमच्या भागात, म्हणजे शिकारीच्या क्षेत्र ४७ मध्ये, आधी एक हजार नऊशे प्रॉन्गहॉर्न होते. आता चौदा होते. तेरा माद्या, एक नर.

अशा वेळी घाबरून शिकार बंद करणे हा सामान्य माणसाचा मार्ग झाला. खात्याकडे सूत्र होते. कळपाच्या दहा टक्के परवाने द्यावेत, अपूर्णांक सोडून द्यावा. चौदाचे दहा टक्के एक पूर्णांक चार. म्हणून परवाना एक. परवाना फक्त नराचा द्यावा, कारण नर पिल्ले देत नाही, सबब तो मारल्याने कळपाची हानी होत नाही, असेही नियमात आहे. नर एकच असल्यास काय, याविषयी नियम मौन बाळगतो. नियमाने सगळेच बोलावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

परवान्यासाठी त्या वर्षी तीन हजार नऊशे सहा अर्ज आले. रांगेची पद्धत सोपी आहे. दर वर्षी अर्ज करायचा, नाकारला जायचा, आणि नाकारले गेल्याबद्दल एक गुण मिळवायचा. ज्याचे गुण जास्त, त्याचा नंबर आधी. एक वर्ष चुकले तर त्या वर्षाचा गुण गेला. या वेगाने शेवटच्या अर्जदाराचा नंबर तीन हजार नऊशे सहाव्या वर्षी लागेल, आणि खात्याने त्याला धीर न सोडण्याचे लेखी आवाहन केले आहे. अर्ज पांढऱ्या कागदावर येतो. जानेवारीत तो फाटकापाशी असलेल्या टपालपेटीतून काढताना आमच्या वाऱ्यात चांगलाच फडफडतो.

सर्वांत जास्त, म्हणजे एकवीस गुण डेल्मर स्ट्रूप यांचे होते. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाचे ऑपरेशन झाले त्या वर्षी त्यांनी रुग्णालयातून अर्ज पाठवला. बायको गेली त्या आठवड्यातही पाठवला. दुसरा नंबर त्यांचे शेजारी आणि साठ वर्षांचे मित्र आर्लो पिक्रेल यांचा, वीस गुण. आर्लोचा एक गुण कमी आहे, कारण एका वर्षी शेवटच्या तारखेला त्यांच्या मुलीचे लग्न होते. मुलीशी ते अजून नीट बोलत नाहीत.

परवाना डेल्मरला लागल्याची बातमी गावातल्या एकुलत्या एका खानावळीत सकाळी सात वाजता पोचली. सव्वासातला आर्लोंनी विषय काढला.

"मारू नको लेका. तेवढा एकच उरलाय."

"हे तू बोलतोस? म्हणजे पुढच्या वर्षी तुला ठेवू?"

"मी कळपाच्या बाजूनं बोलतोय."

"कळपाची बाजू तुला गेल्या वर्षी नव्हती सुचली."

"गेल्या वर्षी तुला परवाना नव्हता लागला," आर्लो म्हणाले आणि पावाला लोणी लावू लागले.

आर्लोंची काळजी अगदीच आपमतलबी नव्हती. तो नर पडला तर पुढच्या वसंतात पिल्ले नाहीत, आणि दोन हिवाळ्यांत कळपही नाही. आजोबांच्या वेळेपासून ज्या माळावर शेळ्या होत्या, तिथे नुसता वारा राहणार. हे डेल्मरलाही कळत होते. पण एकवीस वर्षे थांबलेल्या माणसाला कळणे आणि पटणे यांत जरा अंतर पडते. त्यांनी जनेलबाईंना बोलावून परवाना परत करता येईल का, एवढे विचारून पाहिले.

"येतो ना," जनेलबाई म्हणाल्या. "आणि गुणही परत मिळतात, दोन बाबतींत. परवानाधारक सैन्यात भरती झाला तर, किंवा वारला तर."

"सैन्यात घेतील का मला?"

"नाही घेणार, मिस्टर स्ट्रूप."

"मग दुसरं काय म्हणालीस पोरी?"

जनेलबाईंनी नियमपुस्तक मिटले. त्यांनीच मे महिन्यात ते चौदा मोजले होते, तीनदा, कारण पहिल्या दोन वेळी त्यांना आपणच मोजताना चुकतोय असे वाटले होते. परवाना रद्द करावा असे टिपण त्यांनी वर पाठवले होते. खात्याने उत्तरात त्यांच्या तळमळीची नोंद घेतली होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता डेल्मर निघाले. वडिलांची बंदूक, बायकोने शिवलेला रुमाल, आणि आर्लो. आर्लो साक्षीदार म्हणून आले होते. (परवानाधारक पंचाहत्तरच्या वर असल्यास साक्षीदार सक्तीचा आहे. साक्षीदाराच्या वयाला मर्यादा नाही.) साडेदहाला कळप दिसला, डेल्मरच्याच कुरणाच्या कुंपणापलीकडे, अर्ध्या मैलावर. दोघे झुडपामागे आडवे झाले. ही क्रिया पूर्ण व्हायला सहा मिनिटे लागली. मग डेल्मरनी काठीला रुमाल बांधून वर केला.

नराने मान उचलली. बघितले. थोडा पुढे आला, थांबला, फुरफुरला, परत गेला, परत आला. कुंपणापाशी आल्यावर त्याने गुडघे टेकले, मान खाली घातली, पाठीवरचे केस तारेला अडकवून सोडवत अलीकडे आला आणि उभा राहिला. अंतर साठ पावले. या अंतरावरून डेल्मरनी आयुष्यात कधी काही चुकवलेले नाही. कुरणात भरवलेल्या १९८७ सालच्या नेमबाजीच्या मेळाव्यात त्यांनी तीनशे पावलांवरून डबा पाडला होता आणि तो डबा अजून खानावळीच्या फळीवर आहे.

बंदूक खांद्याला लागली. चार मिनिटे तशीच राहिली. मग खाली आली.

"का रे?" आर्लो कुजबुजले.

"पंचावन्न मैल पळणारं जनावर," डेल्मर म्हणाले, "आणि गुडघ्यावर सरपटत आलं. का, तर फडकं कसलं हलतंय ते बघायला."

"मग? सगळ्याच शेळ्या तशा असतात."

"मला माहितीय. एकवीस वर्षं जानेवारीत पेटीपाशी मी तेच करतोय. चल, उठव मला."

इथपर्यंत सर्व ठीक होते. अडचण अहवालाची आली. शिकारीनंतर दहा दिवसांत परवानाधारकाने अहवाल भरायचा असतो. त्यात तीन चौकोन आहेत: मारले, नेम चुकला, दिसले नाही. दिसले, नेम धरला आणि सोडून दिले, असा चौकोन नाही. खात्याच्या एकशे बारा वर्षांत तशी मागणी आलेली नाही.

"'चुकला'वर कर खूण," आर्लो म्हणाले. "काय जातंय तुझं?"

"माझं नाव जातंय. साठ पावलांवरून चुकला, असं लिहून देऊ?"

"कोण वाचतंय?"

"तू वाचशील. आणि मरेपर्यंत खानावळीत सांगशील."

आर्लोंनी हे नाकारले नाही. तेव्हा डेल्मरनी 'दिसले नाही' या चौकोनात खूण केली, आणि साक्षीदार म्हणून खाली आर्लोंनी ठसठशीत सही केली.

क्षेत्र ४७ मधून त्या वर्षी आलेला हा एकमेव अहवाल. खात्याच्या संगणकाने त्यावर शास्त्रशुद्ध प्रक्रिया केली. शिकारी एक, दिवस एक, दिसलेले प्राणी शून्य. म्हणजे शंभर टक्के शिकाऱ्यांना शंभर टक्के दिवसांत काहीही दिसले नाही. कळपाचा अंदाज: शून्य, चूक होण्याची शक्यता: शून्य. इतकी अचूक गणती खात्याने पूर्वी कधी केली नव्हती. क्षेत्र बंद झाले. रांग विसर्जित झाली. तीन हजार नऊशे पाच माणसांचे गुण रद्द झाले, त्यांत आर्लोंचे वीस. आपल्याच सहीने. ते तीन दिवस खानावळीत आले नाहीत. चौथ्या दिवशी आले तेव्हा म्हणाले की मुलीला फोन केला होता, अर्धा तास बोलली.

नोव्हेंबरात जनेलबाई पडताळणीसाठी डेल्मरच्या अंगणात आल्या. गवताच्या गंजीपाशी तेरा माद्या आणि एक नर मन लावून चोरून खात होते.

"मिस्टर स्ट्रूप, खरंच एकही दिसला नाही?"

"नाही दिसला पोरी."

त्यांनी गंजीकडे बराच वेळ पाहिले.

"मलाही नाही," असे म्हणून त्यांनी लिहून घेतले.

तेव्हापासून प्रगती समाधानकारक आहे. जो कळप नाही त्याचा परवाना निघत नाही, त्याची रांग लागत नाही, आणि त्याला वाचवण्यासाठी कोणाला मारावे लागत नाही. खात्याने आखलेल्या कोणत्याही संवर्धन योजनेला इतके यश आलेले नाही. डेल्मरनी आपल्या कुंपणाची खालची तार अर्धा हात वर घेतली. कारण विचारल्यास ते गुडघेदुखी सांगतात, कोणाची ते सांगत नाहीत. गावाने शिस्त पाळली आहे.

"आज ओढ्यापाशी एकोणतीस नव्हत्या," आर्लो सकाळी कॉफी ढवळत म्हणतात.

"नीट बघ. चौतीस नव्हत्या. पिल्लं झुडपात नव्हती."

धोका एकच उरला आहे. क्षेत्र ४७ मध्ये दहा किंवा अधिक प्राणी असल्याचे कोणाही सज्ञान व्यक्तीला समजल्यास तिने तीस दिवसांत खात्याला कळवावे, असा नियम आहे. कळवताच सूत्र जागे होईल, चौतीसचे दहा टक्के निघतील, आणि जानेवारीत पेट्यांमधून पांढरे कागद फडफडू लागतील. म्हणून गावाबाहेरच्या कोणाला हे समजू नये अशी दक्षता आम्ही घेत होतो.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी डेल्मरना दाखवला. परका माणूस कशाला वाचेल, असे ते म्हणाले. ना त्याची शेळी, ना त्याचे कुरण. मी म्हणालो, लांबवर काहीतरी पांढरे हलताना दिसले, एवढे पुरते, आणि छापील कागद पांढराच असतो. मध्ये दोन-तीन ठिकाणी आकड्यांच्या तारा होत्या, त्या तुम्ही वाचकांनी खालून पार केल्यात. आता जरा तसेच उभे राहा. अंतर साधारण एक हात आहे.